ड्रोनची रेंज (घरून उडवताना)

गच्चीवरून, माळवदावरून किंवा अंगणातून ड्रोन उडवताना रिमोट आणि ड्रोन यांच्यातला रेडिओ-संपर्क जिथवर भरवशाचा राहतो, ते अंतर म्हणजे ड्रोनची रेंज. मराठवाड्यात घराशेजारच्या रानातले पीक पाहायला, लग्नाच्या चित्रीकरणाला आणि हौसेखातर ड्रोन उडवले जातात. रेंज कमी पडली की पहिला विचार जास्त ताकदीच्या उपकरणाचा येतो. खरे तर तो शेवटी यायला हवा.

बहुतेक ड्रोन २.४ किंवा ५.८ गिगाहर्ट्झवर चालतात. या लहरींची लांबी अनुक्रमे सुमारे १२.५ व ५ सेंटिमीटर असते. एवढ्या आखूड लहरी अडथळ्याला वळसा घालून फारशा जात नाहीत. काळे रान सपाट असते, पण अडथळा बहुधा घरापाशीच उभा असतो : पत्र्याचे छत, पाण्याची टाकी, पावसात भिजलेला कडुनिंब. शिवाय लहरीला सरळ रेषेभोवतीही मोकळी जागा लागते. ड्रोन १ किलोमीटरवर असेल, तर मधोमध या जागेची त्रिज्या २.४ गिगाहर्ट्झला सुमारे साडेपाच मीटर भरते. म्हणून उसाच्या फडावरून ड्रोन स्पष्ट दिसत असतानाही चित्र अडखळते. अंगण सोडून माळवदाच्या रानाकडल्या कडेला उभे राहणे, ही सर्वांत स्वस्त आणि बहुतेक वेळा सर्वांत मोठी सुधारणा आहे.

दुसरी गोष्ट अँटेनाच्या रोखाची. दांडीसारख्या अँटेनाच्या कडेने लहरी भरपूर निघतात, टोकातून जवळजवळ नाहीच. नवशिके मात्र बंदूक रोखावी तसे टोक ड्रोनकडे धरतात. दांडीची कड त्याच्याकडे हवी. ड्रोन थेट डोक्यावर असेल, तर उभी दांडी आडवी करावी.

अंतर दुप्पट झाले की पोचणारी शक्ती चौथाईवर येते, म्हणजे ६ डेसिबल घटते. ही तूट ॲम्प्लिफायरने, म्हणजे रिमोटच्या लहरींची ताकद वाढवणाऱ्या उपकरणाने, भरून काढता येते, पण एकाच बाजूने. रिमोटचा हुकूम ड्रोनला ऐकू जातो, ड्रोनचे चित्र मात्र आधीइतकेच क्षीण येते. दिशादर्शी अँटेना, म्हणजे एकाच दिशेवर जोर एकवटणारी अँटेना, येणाऱ्या-जाणाऱ्या दोन्ही लहरींना उपयोगी पडते, म्हणून तीच श्रेयस्कर. १९२६ च्या सुमारास जपानमध्ये पुढे आलेली यागी-उडा रचना आणि चपटी पॅच अँटेना हे तिचे रूढ प्रकार. घरी करायचे तर पुठ्ठ्याला अन्वस्ताचा (पॅराबोलाचा) बाक देऊन त्यावर पोळ्या गुंडाळायचा फॉइल सुरकुती न पाडता चिकटवावा आणि दांडी त्यापासून सुमारे ३ सेंटिमीटर पुढे येईल असा तो बसवावा. पुढची रेंज वाढते, तेवढी पाठीमागची कमी होते. ड्रोन फिरला की आपणही वळायचे.

अँटेना वर बसवून रिमोट खाली ठेवण्याचा बेत सहसा फसतो. पातळ केबल २.४ गिगाहर्ट्झला दर मीटरमागे सुमारे १ डेसिबल खाते. ५ मीटर केबलीत चांगल्या अँटेनाचा बहुतेक फायदा बुडतो. अँटेना काढून ठेवलेला रिमोट चालू करू नये. त्याचा प्रेषक जळू शकतो.

लातूरच्या शिकवण्या-वसतिगृहांसारख्या दाट वस्तीत वायफायने २.४ चा पट्टा गजबजलेला असतो, तिथे ५.८ बरा. विरळ वस्तीच्या वाडीत आणि झाडीत २.४ अधिक टिकतो.

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्याविना वापरता येतो, पण अँटेनामुळे होणारी वाढ धरून प्रभावी शक्ती ४ वॅटच्या आत हवी. ॲम्प्लिफायर आणि दिशादर्शी अँटेना एकत्र जोडल्या की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे हरित क्षेत्रात (नकाशावर हिरव्या दाखवलेल्या भागात) ४०० फुटांपर्यंत, तर विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच पूर्वपरवानगीविना उडता येते. चिकलठाणा किंवा नांदेड विमानतळाच्या आसपास राहणाऱ्यांनी उडवण्याआधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा पाहावा. संपर्क तुटल्यावर ड्रोन ज्या उंचीवरून घरी परततो, ती उंची गावचा जलकुंभ आणि विजेच्या तारा यांच्या वर, पण या मर्यादेच्या आत ठेवावी.