नाथसागराच्या कडेचा रस्ता एवढा वाकडा का?

पैठणच्या वरच्या अंगाला नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या मागं साठलेल्या पाण्याच्या (बॅकवॉटरच्या) काठाकाठानं जाणारा आमचा रस्ता कागदावर राज्यमार्ग आहे, पण बाहेरचा माणूस पहिल्यांदा गाडी घेऊन आला की हमखास विचारतो, अहो एवढं सपाट रान असताना हा रस्ता वळसे का घ्यायलाय? तर त्याचं उत्तर धरणात आहे.

मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात असतानाच गोदावरीवर धरण बांधायचा विचार झाला होता, आणि ते होणार होतं खाली बीड जिल्ह्यात, जायकवाडी नावाच्या गावापाशी. पुढं राज्यांची फेररचना झाली, जास्त रान भिजावं म्हणून जागा वर सरकून पैठणला आली, पण नाव मात्र जायकवाडीच राहिलं, त्यामुळं पैठणच्या धरणाला जायकवाडी का म्हणतात हे आमच्या अर्ध्या पोरांना आजही माहीत नसतं. 1965 ला लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, 1976 ला इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झालं. मधे बहात्तरचा दुष्काळ पडला, तेव्हा मराठवाडाभर लोक दुष्काळी कामावर खडी फोडायला होते, आमची आजी पण त्यात होती, परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरीचं नाव काढलं की ती अजून तोंड वाकडं करते.

धरण जवळपास 10 किलोमीटर लांब, दरवाजे 27, आणि मागं पाणी पसरलं ते पन्नासेक किलोमीटर. शंभराच्या वर गावं त्यात गेली. गावं गेली तसे गावागावातले रस्तेही गेले, कारण जुना रस्ता नदीकडच्या गावांना धरून सरळ जायचा. नवा रस्ता मग फुगवट्याच्या रेषेच्या (धरण भरलं की पाणी जिथवर येतं तिच्या) वरून, पुनर्वसनातली गावं जोडत जोडत काढावा लागला, पाणी जिथं ओढ्यात आत घुसलंय तिथं रस्ता पण आत वळतो. झालं, हेच ते वळसे.

राज्यमार्ग तो नंतर झाला. राज्यमार्गाच्या किलोमीटरच्या दगडाला हिरवी टोपी असते, राष्ट्रीय महामार्गाला पिवळी. आमच्या फाट्यावरच्या दगडाचा हिरवा रंग एका बाजूनं उडालाय आणि खाली काळा दिसतो, म्हणजे हा आधी जिल्हा मार्ग होता. टोपी बदलली, रुंदी काही बदलली नाही!

खड्ड्यांचं म्हणाल तर सगळा दोष ठेकेदाराचा नाही (थोडा आहेच). खाली काळी माती, ती पावसात फुगते न उन्हाळ्यात फाटते, वरचं डांबर कितीदा टिकणार. त्यात बॅकवॉटरवर पाणी उपसायच्या मोटारी टाकून ऊस आला, आणि हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर ह्याच पट्टीवरून जातात.

1986 ला पक्षी अभयारण्य जाहीर झालं, आता हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो पक्षी) बघायला कॅमेरेवाले येतात न गाडी अर्ध्या रस्त्यातच उभी करतात.

मे महिन्यात पाणी उतरलं की गाळपेर (उघड्या पडलेल्या गाळात पेरणी) करणाऱ्यांच्या काकड्या-टरबुजाच्या वाड्यांमधून जुन्या रस्त्याची खडी वर दिसते, अगदी सरळ पाण्याकडं गेलेली. आमच्या इथले म्हातारे त्याला अजून 'मोठा रस्ता' म्हणतात, आणि हिरव्या टोपीवाल्याला 'नवा'.