पीपी–नायलॉनच्या दाण्यात नॅनो सिलिका: मागणी देण्यापूर्वी वाचावे

साकीनाक्याच्या आमच्या गाळ्यावर फोन येतो तो बहुतेक एकाच प्रश्नाचा. ‘तुमची सिलिका घातली की पीपी आणि नायलॉन एकजीव होतील ना?’ नाही होणार. पीपी (पॉलिप्रोपिलीन) काय, नायलॉन काय, दोन्ही पॉलिमर, म्हणजे साखळीसारख्या रेणूंचं प्लास्टिक. पॉलिमरच्या साखळ्या लांबलचक असतात, त्यामुळे एकमेकांत मिसळून त्यांच्या पदरात फारसं काही पडत नाही. फ्लोरी आणि हगिन्स या रसायनशास्त्रज्ञांनी 1940च्या दशकाच्या सुरुवातीलाच हे गणित मांडलं होतं.

मग सिलिका, म्हणजे ही अतिसूक्ष्म कणांची पूड, करते काय? मिसळीच्या रश्शावरची तर्री आठवा. ढवळलं की बारीक थेंब, हात थांबला की थेंबाला थेंब चिकटून मोठे तवंग. दाणे वितळवणाऱ्या मशीनच्या बॅरलमध्ये (तापत्या नळीत) पीपीमधल्या नायलॉनचंही हेच होतं: स्क्रू फिरतोय तोवर थेंब बारीक, मशीन गरम ठेवून जेवायला गेलात की जाड. सिलिकाचे कण थेंबांच्या पृष्ठभागावर बसले, तर दोन थेंबांना भिडू देत नाहीत. तेल-पाण्याच्या बाबतीत ही गोष्ट रॅम्सडेन (1903) आणि पिकरिंग (1907) या शास्त्रज्ञांपासून माहीत आहे.

खरी मेख कण कुठे बसतात यात आहे. साध्या सिलिकाला नायलॉन प्रिय. ती सगळी नायलॉनच्या पोटात शिरली की थेंब घट्ट होतात आणि स्क्रूला फुटेनासे होतात. म्हणजे पैसे घालून माल उलट जाडाभरडा. म्हणून आम्ही ती पीपीच्या मास्टरबॅचमधून, म्हणजे सिलिका आधीच दाट मिसळलेल्या पीपीच्या दाण्यांतून, देतो. नायलॉनकडे निघालेले कण वाटेत दोघांच्या सीमेवर अडकतात. मात्र फार वेळ घोटत राहिलात तर तेही आत जातात. एकच दाणा दोन-तीनदा एक्स्ट्रूडरमधून (वितळवून ढकलणाऱ्या मशीनमधून) काढणाऱ्यांनी हे आम्हाला आधी सांगावं.

वस्तूचे पापुद्रे सुटत असतील तर सिलिकावर भिस्त ठेवू नका. ती थेंब वेगळे ठेवते, दोन थर चिकटवत नाही. तिथे मॅलेइक अॅनहायड्राइड हे रसायन जोडलेलं पीपी लागतं, कारण ते नायलॉनच्या साखळीच्या टोकाशी प्रत्यक्ष जोडलं जातं. तेही आमच्याकडे मिळतं, पण दर वेगळा.

पावसाळ्यात नायलॉन ओलं असेल तर वरचं सगळं फुकट. 80 अंशांवर चारेक तास हॉपर ड्रायर चालवा. उघडं पोतं दाराशी ठेवू नका.

मागणीसोबत दोन्ही दाण्यांचे ग्रेड, त्यांचं प्रमाण आणि बॅरलचं तापमान कळवा. पहिल्या लॉटला पाच किलोचा नमुना घेऊन चालवून बघा.