बंदरातला गाळ, शेजारी प्रवाळ: परवानगीची फाइल कशी लावायची

बडोद्याला समुद्र नाही, पण कच्छच्या आखातातल्या बंदरांची कागदपत्रं करणारी मराठी मुलं दांडिया बाजारात भेटतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: मेन्टेनन्स ड्रेजिंगला, म्हणजे साचलेला गाळ उपसून बंदराची मंजूर खोली परत मिळवण्याला, ईसी, म्हणजे पर्यावरण मंजुरी, लागते का?

2006च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेत बंदरं आणि ड्रेजिंग 7(ई) या नोंदीत येतात. मेन्टेनन्स ड्रेजिंगला ईसीतून सूट आहे. मात्र ते काम मूळ प्रस्तावात असावं, त्याचा पर्यावरण व्यवस्थापन आराखडा झालेला असावा आणि ईसी मिळालेली असावी. म्हणून आधी जुनं ईसीपत्र काढा. मंजुरी 12 मीटरची आणि उपसायचं 13 मीटरपर्यंत, तर ते कॅपिटल ड्रेजिंग, म्हणजे नव्याने खोली वाढवणं, झालं, सूट गेली.

सूट मिळाली तरी बाकीचे कायदे सुटत नाहीत. 2019च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत प्रवाळ 1-अ वर्गात, म्हणजे सर्वांत कडक. सीआरझेड मंजुरी लागत असेल तर अर्ज गांधीनगरला, गुजरातच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे. सोबत फॉर्म-1, सागरी भागासह ईआयए अहवाल, अधिकृत संस्थेचा 1:4000 नकाशा, भोवतालच्या 7 किलोमीटरचा नकाशा, जोखीम अहवाल, प्रदूषण नियंत्रण मंडळाची एनओसी. अर्ज पूर्ण असेल तर शिफारशीला 60 दिवस.

जामनगरचं सागरी राष्ट्रीय उद्यान 1982चं. उपसा, पाइपलाइन किंवा गाळ टाकण्याची जागा त्याच्या हद्दीत असेल तर वन्यजीव मंजुरी हवीच. हे प्रकरण परिवेश या केंद्र सरकारच्या मंजुरी-पोर्टलवरून राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीपर्यंत जातं. कठीण प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे संरक्षण वाघाइतकंच.

खरी परीक्षा असते ती गाळ टाकण्याच्या जागेची. प्रवाळाच्या पेशींतल्या शैवालाला उजेड लागतो. ड्रेजरच्या हॉपरमधून, म्हणजे गाळ साठवायच्या टाकीतून, ओसंडणारं गढूळ पाणी भरती-ओहोटीबरोबर पसरतं, उजेड अडवतं आणि गाळ प्रवाळावर बसतो. ‘सिल्ट कर्टन (गाळ अडवणारा पाण्यातला पडदा) लावू’ हे वाक्य फायलीत हमखास असतं. आखातातल्या जोरदार प्रवाहात तो पडदा फारसा टिकत नाही. त्यापेक्षा ओव्हरफ्लोवर मर्यादा, गढूळपणाची रोजची मोजणी आणि कितीवर काम थांबवायचं तो आकडा लिहा. गाळ कुठे जाईल याचं गणिती प्रारूप खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राकडून करून घेता येतं. गाळातले जड धातूही तपासून घ्या.

आणि ईसीच्या अटींचे सहामाही अहवाल, 1 जून व 1 डिसेंबरचे, सगळे जोडा. एखादा राहिला असेल तर अर्जाआधी तो भरा.