भिंतीतील ओल आणि दडलेले नुकसान : ग्राहकांसाठी माहिती

भिंतीवर किंवा छतावर ओलीचा डाग पडला म्हणजे गळतीही तिथेच आहे, असे बहुधा नसते. पाणी स्लॅबच्या उताराने, वायरिंगच्या पाइपातून किंवा बाथरूमच्या कोब्यातून बरेच अंतर कापते आणि फट सापडेल तिथे बाहेर पडते. म्हणूनच डागापुरता गिलावा फोडून पाहण्याचा आग्रह आम्ही मान्य करत नाही.

मूळ शोधताना डाग केव्हा वाढतो, ही माहिती सर्वांत उपयोगी पडते. बाथरूम वापरात नसतानाही ओल सारखी राहत असेल, तर दाबाखालच्या पुरवठ्याच्या लाइनवर संशय घ्यावा. आंघोळीनंतर काही तासांनी ती वाढत असेल, तर नहाणी ट्रॅप, ड्रेनेजचा सांधा किंवा टाइल्समधील सांधे पाहावे लागतात. घरातील सर्व नळ बंद करून दोन तासांच्या अंतराने मीटरचे आकडे टिपून ठेवावेत. छतावर टाकी असल्यास तिच्यात येणारे पाणी बंद करून पातळीची खूण करावी. पाणी न वापरता आकडा पुढे गेला किंवा पातळी उतरली, तर लाइन गळत आहे असे समजावे. अर्थात फ्लशची टाकी झिरपत नाही ना, हे आधी बघावे.

रंगाचे पोपडे, पांढरा खार, फुगलेली चौकट आणि कुबट वास ही खुणेची लक्षणे आहेत. बोटांच्या पेरांनी गिलाव्यावर टकटक करत गेल्यास सुटलेल्या भागात आवाज पोकळ येतो. याहून गंभीर प्रकार स्लॅबमध्ये घडतो : सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि आतून दाब येऊन काँक्रीट तडकते. सळईच्या रेषेत तडा किंवा तांबूस ओघळ दिसल्यास रंगाऱ्याला नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे.

स्विचबोर्ड किंवा दिव्याच्या पॉइंटपाशी ओल असेल, तर ओल्या हाताने किंवा ओल्या फरशीवर उभे राहून कशालाही हात लावू नये. मेन स्विचपर्यंत कोरड्या वाटेने जाता येत असेल तरच तो बंद करावा आणि इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय पुन्हा चालू करू नये.

गळती थांबली तरी भिंत लगेच वाळत नाही. ओल्या वस्तूंवर 24 ते 48 तासांत बुरशी धरू शकते, त्यामुळे भिजलेल्या गाद्या आणि प्लायवूड त्याच दिवशी हलवावे. गिलावा वाळायला मात्र काही आठवडेही लागतात. तोवर वॉटरप्रूफ रंगाचा हात मारल्यास ओल आतच कोंडते आणि रंग पुन्हा फुगतो. मॉइश्चर मीटरवर भिंत कोरडी दिसेपर्यंत आम्ही रंगकाम हाती घेत नाही. सणासुदीची किंवा कार्याची घाई असली तरीही.

आम्ही पाहणीला येण्यापूर्वी डाग पुसू नये. तारखेसह फोटो काढावेत आणि बदललेले फुटके पाइप किंवा सांधे जपून ठेवावेत, कारण विम्याचा दावा करताना गळती अचानक झाली की हळूहळू, हा प्रश्न हमखास विचारला जातो.