वाहतूक कोंडी, बाजारगावांतील (विदर्भ)

शेतमालाची आवक, आठवडी बाजार आणि शाळा-कचेरीची वेळ एकत्र आल्याने तालुक्याच्या गावातील रस्ता अडणे, तसेच रस्ता रुंद न करता ती अडचण कमी करण्याची पद्धत. येथे कापूस-सोयाबीनच्या बाजारगावांपुरता विचार केला आहे.

पूर्वपीठिका : हंगामातील कोंडी बहुधा बाजार समितीच्या किंवा जिनिंगच्या (कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या) फाटकापासून सुरू होते. वऱ्हाडात नियंत्रित कापूस बाजार प्रथम कारंजा (लाड) येथे हैदराबाद रेसिडेन्सीच्या (तेथील ब्रिटिश प्रतिनिधीच्या कचेरीच्या) आदेशाने १८८६ मध्ये सुरू झाला, असे सामान्यतः मानतात. त्यानंतरच्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याचे वर्ष मात्र काही लेखक १८८७, तर काही १८९७ देतात. १८९७ हे अधिक ग्राह्य वाटते. १८८७ हे वर्ष आधीच्या आदेशाशी झालेल्या सरमिसळीतून आले असावे. त्या काळी माल बंडीने (बैलगाडीने) येई. आज त्याच पेठांत ट्रॅक्टर-ट्रॉली येते, आणि ट्रॉलीला अरुंद रस्त्यात मागे घेता येत नाही.

मोजणी : इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या १९९० च्या ग्रामीण रस्त्यांविषयीच्या मार्गदर्शिकेत (आयआरसी:६४) एक मोटार म्हणजे १ एकक धरून ट्रक किंवा बसला ३, ट्रॅक्टर-ट्रॉलीला ४.५, बैलबंडीला ८ आणि दुचाकीला ०.५ एकक दिले आहे. बंडीचा आकडा मोठा आहे तो तिच्या संथपणामुळे : मोकळ्या रस्त्यावर मागची वाहने तिच्यामागे अडकतात. पेठेत सगळेच रांगत असताना ८ हा आकडा जास्त होतो. तेथे वाहनाने अडवलेली लांबी आणि थांबलेली मिनिटे यांचा गुणाकार अधिक खरे चित्र देतो. मोजणी वर्षातून दोनदा, एकदा सुगी व विक्रीच्या हंगामात आणि एकदा मंदीत, करावी असा संकेत आहे. केवळ उन्हाळ्यात मोजून केलेला आराखडा दसऱ्यानंतर कोलमडतो.

फाटकावरील रांग : कापसाची ट्रॉली वजनकाट्यावर दोनदा चढते, आधी भरलेली, मग रिकामी. प्रत्येक वेळी अडीच मिनिटे धरली तर एका काट्यावर तासाला १२ ट्रॉल्या निघतात. सकाळी आठ ते दहा तासाला २० ट्रॉल्या आल्या, तर दहा वाजता १६ ट्रॉल्या बाहेर उरतात. प्रत्येकीला १० मीटर धरले तरी रांग १६० मीटर होते, आणि नेमक्या याच वेळी शाळेच्या सायकली व एसटी त्या रस्त्याने जातात. रस्ता रुंद केल्यास रांग दुहेरी होते, काटा एकच राहतो. म्हणून पहिला खर्च रिकाम्या ट्रॉलीसाठी दुसऱ्या काट्यावर आणि परतीच्या वेगळ्या फाटकावर करावा. शेतकऱ्याला पाळीसाठी दिलेल्या टोकनवर दिवस नव्हे, तास लिहावा. नुसता दिवस लिहिला की सगळे पहाटेच येतात. ओलाव्याची तपासणी (हमीभावाच्या खरेदीत ८ ते १२ टक्के चालतो) काट्याजवळ केल्यास नाकारलेली ट्रॉली रांगेतच अडकते. ती तपासणी आधी, मोकळ्या मैदानात व्हावी. तेथे पाणी, सावली व बैलांना बांधायला जागा नसेल, तर शेतकरी थांबत नाहीत आणि रांग पुन्हा रस्त्यावर येते.

चौक व आठवडी बाजार : काळीपिवळी (सवारी जीप) आणि ऑटो चौकाच्या तोंडाशीच सवारी भरतात. थांबा ३० ते ५० मीटर पुढे नेऊन तेथे शेड बांधल्यास तो टिकतो. नुसता फलक टिकत नाही. पथविक्रेता अधिनियम, २०१४ नुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे असतात. जागा त्यांच्याशी ठरवून पांढऱ्या पट्ट्यांनी आखाव्यात आणि पायी चालणाऱ्यांसाठी १.८ मीटर मोकळे ठेवावे. पानठेले व भाजीवाले हुसकावून लावणे हा उपाय नाही. बाजार त्यांच्यासाठीच भरतो, आणि दुसऱ्या दिवशी ते पुढच्या वळणावर बसतात.

वळणरस्ता (बायपास) : यामुळे फक्त आरपार जाणारी वाहने गावाबाहेर जातात, बाजारात येणारी कमी होत नाहीत.

सिग्नल : बैल ताशी सुमारे ४ किलोमीटर चालतात. १५ मीटरचा चौक ओलांडायला बंडीला १४ सेकंद लागतात, तर पिवळा दिवा साधारण ३ सेकंदच असतो. बंड्या येतात त्या चौकात हंगामात वाहतूक हवालदार अधिक उपयोगी पडतो.