लंडनच्या उपनगरांतल्या बोर्डाच्या शाळा

दक्षिण लंडनमध्ये बॅटरसी, पेकम, लुइशम किंवा ईशान्येला हॅकनी, या भागातून ट्रेनने जाताना दुमजली घरांच्या एकसारख्या रांगा दिसत राहतात आणि मधेच त्या छपरांच्या खूप वर गेलेली एक पिवळट विटांची इमारत येते, उंच खिडक्या, लाल विटांच्या कडा, वर छोटासा घंटेचा मनोरा. नवख्या माणसाला ते चर्च किंवा जुना कारखाना वाटतो, पण ती बहुतेक वेळा साधी सरकारी प्राथमिक शाळा असते. 'स्कूल बोर्ड फॉर लंडन' या निवडून आलेल्या मंडळाने १८७० नंतरच्या तीसेक वर्षांत अशा शेकडो शाळा बांधल्या, म्हणून त्यांना बोर्ड स्कूल म्हणतात. यातल्या कितीतरी आजही चालू आहेत, काहींचे महागडे फ्लॅट झालेत, काही पाडल्या गेल्या.

सुरुवात

१८७० चा प्राथमिक शिक्षण कायदा येईपर्यंत इंग्लंडमध्ये गरिबाच्या पोराची शाळा म्हणजे चर्चची शाळा, नाहीतर एखाद्या बाईच्या घरातली खाजगी शिकवणी, किंवा काहीच नाही. कायद्याने ठरवलं की जिथे शाळा कमी पडतात तिथे लोकांनी बोर्ड निवडायचं आणि त्या बोर्डाने स्थानिक करातून शाळा बांधायच्या. लंडनच्या बोर्डाची पहिली निवडणूक नोव्हेंबर १८७० मध्ये झाली, १० विभागांतून ४९ सदस्य. यात बायकांना मत देता येत होतं आणि उभंही राहता येत होतं, पार्लमेंटचं मत मिळायला अजून जवळजवळ ५० वर्षं होती तरी! डॉक्टर एलिझाबेथ गॅरेट मेरिलबोन विभागातून प्रचंड मतांनी निवडून आल्या, स्त्रियांच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या एमिली डेव्हिस ग्रिनिचमधून. शास्त्रज्ञ टी. एच. हक्सलीही पहिल्या बोर्डात होते.

आपल्याकडच्या वाचकाला इथे दोन ओळखीची नावं भेटतात. बोर्डाचे पहिले अध्यक्ष होते लॉर्ड लॉरेन्स, म्हणजे १८६४ ते १८६९ हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असलेले जॉन लॉरेन्स, ते परत गेले आणि लंडनच्या शाळांच्या कामाला लागले. आणि १८८८ मध्ये टॉवर हॅम्लेट्स विभागातून ॲनी बेझंट निवडून आल्या, टिळकांच्या बरोबरीने होमरूलची चळवळ करायच्या कितीतरी आधी. उपाशी मुलांना शाळेत जेवण मिळावं यासाठी त्या बोर्डात भांडल्या.

लंडनमध्ये तेव्हा लाखाच्या आसपास मुलांना बसायला जागाच नव्हती. सुरुवातीला बोर्डाने मिळतील ते हॉल भाड्याने घेऊन वर्ग चालू केले आणि दुसरीकडे जमिनी शोधत राहिले. त्यातच रेल्वेमुळे शहर बाहेर पसरत होतं, कामगारांसाठी स्वस्त तिकिटाच्या गाड्या आल्या, शेतं जाऊन तिथे घरांच्या रांगा उभ्या राहिल्या आणि नवीन वस्ती झाली की पोरं आलीच. उपनगरातल्या शाळा एवढ्या मोठ्या का आहेत त्याचं कारण हे, एकेका शाळेत हजारच्या वर मुलं बसवायची होती.

इमारत कशी असते

१८७१ मध्ये बोर्डाने एडवर्ड रॉबर्ट रॉबसन यांना आर्किटेक्ट म्हणून नेमलं. त्यांनी युरोप आणि अमेरिकेतल्या शाळा अभ्यासल्या आणि १८७४ मध्ये शाळांच्या बांधकामावर पुस्तकच लिहिलं. त्या काळात शाळा म्हटलं की चर्चसारख्या टोकदार कमानींची गॉथिक शैली धरलेली असायची. रॉबसननी ती सोडली, कारण बोर्डाची शाळा कुठल्याही एका पंथाची नव्हती आणि ते बाहेरून बघूनही कळायला हवं होतं. त्याऐवजी त्यांनी क्वीन ॲन नावाची शैली घेतली, ज्यात पिवळी आणि लाल वीट, छपराच्या टोकाशी वळणदार कडांच्या भिंती, पांढऱ्या लाकडी खिडक्या आणि भिंतीत बसवलेल्या टेराकोटाच्या फरश्या असतात, त्यावर सूर्यफुलं, शाळेचं नाव आणि बांधल्याचं साल.

जागा कमी म्हणून शाळा वर चढवल्या. सर्वसाधारण मांडणी अशी की तळमजल्यावर बालवर्ग, मधल्या मजल्यावर मुली, सगळ्यात वर मुलगे. तिघांचे जिने वेगळे, मैदानं वेगळी, दरवाजे वेगळे, आणि दरवाज्यावर दगडात कोरलेलं 'बॉइज', 'गर्ल्स', 'इन्फंट्स'. आज सगळी मुलं एकाच फाटकातून येतात पण ती अक्षरं तशीच आहेत. जिथे मैदानाला जागाच नव्हती तिथे गच्चीवर उंच जाळी लावून खेळायची सोय केली. मोठ्या खिडक्या उगाच शोभेला नाहीत. गॅसच्या दिव्यावर आणि लंडनच्या धुरकट हवेत वाचणं कठीण, म्हणून उजेड भरपूर हवा आणि तो मुलाच्या डाव्या बाजूने यायला हवा, म्हणजे लिहिताना उजव्या हाताची सावली पाटीवर पडत नाही. एवढा बारीक विचार गरीब वस्तीतल्या पोरांसाठी सरकारी पैशातून झाला, माझ्या मते या इमारतींचं खरं मोठेपण इथे आहे, नक्षीकाम वगैरे नंतर.

आधी एकाच मोठ्या खोलीत शंभरेक मुलं आणि मास्तरांच्या हाताखाली मोठी मुलंच शिकवणारी, अशी पद्धत होती. मग प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याच्या धर्तीवर वेगवेगळे वर्ग आले आणि मधे एक सभागृह. १८८४ पासून रॉबसन यांच्या जागी टी. जे. बेली आले, त्यांच्या शाळा अजून उंच आणि जास्त सजवलेल्या आहेत. पुढे आवारात स्वयंपाक, कपडे धुणं आणि सुतारकाम शिकवायच्या छोट्या इमारती वाढल्या, त्या आज कोणाच्या लक्षातही येत नाहीत आणि पाडायची वेळ आली की पहिल्या जातात.

शाळेतलं रोजचं

फी होती, आठवड्याला काही पेनी, कायद्याने जास्तीत जास्त ९. १८८० मध्ये १० वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळा सक्तीची झाली, फी मात्र बहुतेक ठिकाणी १८९१ च्या कायद्यानंतर गेली. म्हणजे मधली ११ वर्षं आईबापाला मुलाची कमाई सोडून वर फी पण भरायची होती. हजेरी तपासणारा बोर्डाचा माणूस दारोदार फिरायचा आणि लोक त्याच्यावर चिडून असायचे, ते साहजिकच होतं.

हे सगळं कळतं ते हेडमास्तरांच्या लॉगबुकमधून. १८६२ च्या नियमांनुसार सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेला अशी वही ठेवावीच लागायची. त्यात इन्स्पेक्टर आले, गोवर पसरला, बूट नाहीत म्हणून मुलं आली नाहीत, असल्या नोंदी असतात. सप्टेंबरात पट रिकामा, कारण पूर्व आणि दक्षिण लंडनची अख्खी कुटुंबं केंटमध्ये बियरसाठी लागणाऱ्या हॉप्सच्या तोडणीला जायची, आपल्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या पोरांचं होतं तसंच. अशा बऱ्याच वह्या आणि प्रवेशाची रजिस्टरं लंडनच्या सरकारी अभिलेखागारात जपलेली आहेत आणि लोक पणजोबांचं नाव शोधायला तिथे जातात.

बोर्डानंतर

१९०४ मध्ये बोर्ड बंद होऊन शाळा लंडन काउंटी कौन्सिल या महापालिकेसारख्या संस्थेकडे गेल्या. दोन्ही महायुद्धांचे घाव या शाळांवर आहेत. १३ जून १९१७ ला पॉपलरमधल्या अपर नॉर्थ स्ट्रीट शाळेवर जर्मन विमानाचा बॉम्ब पडून १८ मुलं गेली, त्यातली बहुतेक अगदी लहान. कॅटफर्ड या उपनगरातल्या सँडहर्स्ट रोड शाळेवर २० जानेवारी १९४३ ला भर दुपारी, मुलं जेवत असताना बॉम्ब पडला, ३८ मुलं आणि ६ शिक्षिका मरण पावल्या. त्या जागी आजही प्राथमिक शाळा भरते. सप्टेंबर १९३९ मध्ये गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवून मुलं गावाकडे पाठवली गेली तेव्हा ती रांगेत उभी राहिली ती याच शाळांच्या मैदानात.

वारसा म्हणून

बऱ्याच बोर्ड शाळांना इंग्लंडच्या वारसा यादीत ग्रेड टू दर्जा आहे. मुंबईत १९९५ च्या नियमांनी इमारतींना ग्रेड दिले, साधारण तसाच प्रकार. दर्जा मिळाला की परवानगीशिवाय पाडता किंवा बदलता येत नाही, म्हणजे खिडक्या बदलायच्या तरी विचारावं लागतं. शाळेला हे जड जातं हे पण खरं आहे, उंच छतामुळे हिवाळ्यात गरम ठेवायचा खर्च मोठा, वरच्या मजल्यावर व्हीलचेअर नेता येत नाही, लिफ्ट बसवायला जागा शोधावी लागते.

मुलं कमी झाली की बिल्डरची नजर जातेच. उंच छत आणि मोठ्या खिडक्या फ्लॅटवाल्यांना फार आवडतात, त्यामुळे कितीतरी शाळांचं बाहेरचं रूप वाचलं पण आत सभागृहात मजले घालून भिंती उभ्या राहिल्या. मला हे अर्धंच जतन वाटतं. 'गर्ल्स' कोरलेल्या दारातून आता फक्त फ्लॅट परवडणारे लोक आत जातात, आणि ज्या वस्तीच्या करातून ती शाळा बांधली तिला आत पाय ठेवता येत नाही. इमारत शाळा म्हणून चालू राहणं हाच तिचा सगळ्यात चांगला सांभाळ आहे, मग त्यासाठी आत लिफ्ट घातली किंवा भिंत पाडली तरी चालेल. घरभाडी वाढल्याने कुटुंबं बाहेर जातायत आणि जन्म कमी झालेत, त्यामुळे हॅकनीच्या कौन्सिलने २०२४ मध्ये डी बोव्हार आणि रँडल क्रेमर या दोन प्राथमिक शाळा बंद केल्या आणि आणखी चार शाळांच्या दोन केल्या. रँडल क्रेमर हे त्याच भागाचे खासदार आणि १९०३ चे नोबेल शांतता पुरस्कार विजेते.

आपल्याकडचा धागा

गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १६ मार्च १९११ ला प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं तेव्हा इंग्लंडचे १८७० आणि १८७६ चे कायदे त्यांच्यासमोर होते, स्थानिक संस्थेने ठरवायचं, कर लावायचा आणि सक्ती करायची हा त्यातला गाभा तिथलाच. त्याआधी १९०६ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी बडोद्यात सक्तीचं शिक्षण सगळ्या संस्थानात लागू केलं होतं. गोखल्यांचं विधेयक मार्च १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. मग विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने १९१८ मध्ये मुंबई प्रांतात कायदा झाला आणि नगरपालिकांना आपल्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करायचा अधिकार मिळाला.