समुदाय विकास (विद्यापीठीय अभ्यासविषय)

एखाद्या वस्तीतील किंवा गटातील लोक आपले प्रश्न स्वतः ठरवून त्यांवर एकत्रितपणे काम कसे करतात, याचा अभ्यास म्हणजे समुदाय विकास. समाजकार्य, समाजशास्त्र आणि प्रौढशिक्षण यांच्या आधाराने हा विषय उभा राहिला असून पदविका, पदवी व पदव्युत्तर पातळीवर तो शिकवला जातो.

कॅनडातील सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठाने १९२८ मध्ये विस्तार विभाग, म्हणजे विद्यापीठाबाहेरच्या लोकांपर्यंत शिक्षण नेणारा विभाग, काढला. मोझेस कोडी यांच्या नेतृत्वाखाली मच्छीमार व शेतकऱ्यांची अभ्यासमंडळे भरू लागली आणि त्यांतून पतसंस्था व सहकारी संस्था निघाल्या. वर्गातील सिद्धान्तांपैकी निर्णयात लोकांचा वाटा किती, हे पायरीपायरीने दाखवणारी शेरी अर्नस्टीन यांची सहभागाची शिडी (१९६९) सर्वाधिक उपयोगाची. तिच्या आठ पायऱ्यांत लोकांचा सल्ला घेणे ही जेमतेम चौथी पायरी. लोकांच्या हाती निर्णय येतो तो त्याच्या बराच वर. प्रकल्प अहवालात ‘लोकसहभाग’ हा शब्द आला, की तो नेमका कितव्या पायरीवरचा, हे तपासायची सवय विद्यार्थ्याला लागलीच पाहिजे.

विषयाचा खरा गाभा क्षेत्रकार्य, म्हणजे प्रत्यक्ष वस्तीत जाऊन केलेले काम. सामाजिक नकाशाचे, म्हणजे लोकांनी स्वतः काढलेल्या आपल्या वस्तीच्या नकाशाचे, उदाहरण घेऊ. मोकळ्या जमिनीवर लोक काठीने आधी रस्ते आणि पाण्याच्या जागा आखतात, मग घरे. शेवटी बिया, खडे, पाने ठेवून कोणत्या घरात काय आहे आणि काय नाही, ते दाखवतात. काठी लोकांच्याच हातात राहायला हवी. विद्यार्थ्याने ‘जरा नीट काढतो’ म्हणून ती घेतली, की लोक मागे सरकतात आणि नकाशा त्याचा होतो. दुसरी चूक वेळेची: कामाच्या वेळी बैठक ठेवली तर रिकामे असलेलेच येतात, आणि काठावरची घरे नकाशातून गळतात. म्हणून स्त्रियांचा व कष्टकऱ्यांचा नकाशा वेगळा, त्यांच्या सोयीने काढून घेतात, दोन्ही शेजारी ठेवतात आणि फरक दिसेल तिथे प्रत्यक्ष फेरी मारून खात्री करतात. लोक बैठकीतून उठण्याआधी नकाशा कागदावर उतरवावा; एक प्रत वस्तीतच ठेवावी.

‘तुम्हाला काय हवे?’ हा प्रश्न सुरुवातीला टाळावा. समोरची संस्था जे देते असे वाटते, तेच उत्तरात येते. ‘मागच्या वेळी अडचण आली तेव्हा तुम्ही काय केलेत?’ असे विचारले, तर पुढाकार कोणी घेतला, पैसे कसे उभे राहिले, काम कुठे अडले, हे सारे कळते. रोजनिशी त्याच दिवशी लिहावी; पाहिलेले एका बाजूला, त्यावरून काढलेला अर्थ दुसऱ्या बाजूला.

विद्यार्थ्याचे सत्र संपते, वस्तीचे काम मात्र संपलेले नसते. यामुळे निघून जाण्याची तारीख पहिल्याच बैठकीत सांगावी लागते. हिशेबाची वही आणि बैठकांचे इतिवृत्त पहिल्यापासून स्थानिक माणसाने लिहावे, विद्यार्थ्याने फक्त शेजारी बसावे. शेवटच्या आठवड्यात घाईने सोपवलेली वही सहसा पुढे कोणी उघडत नाही.